दोन हात, दोन पाय. मग ताकद दुप्पट का होत नाही? भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी आणि दुखापतीतून उठणाऱ्यांनी वाचावं असं काही

आटपाडी असो, जत असो की कवठेमहांकाळ, पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर गेलात की भरतीची पोरं पळताना दिसतात. पोरीही असतात. पळून झालं की मोकळ्या रानात किंवा शाळेच्या मैदानात बैठका, जोर, गोळाफेक सुरू होते. यातल्या बहुतेकांचा ताकद मोजायचा हिशोब एकच असतो: "दोन पायांवर इतक्या बैठका मारतो" किंवा "दोन हातांनी इतकं वजन उचलतो."

हा हिशोब अर्धाच आहे. समजा, उजव्या हाताने तुम्ही जितका जोर लावू शकता तो मोजला, मग डाव्या हाताचा मोजला आणि दोन्हींची बेरीज केली. नंतर दोन्ही हातांनी एकाच वेळी पूर्ण जोर लावला. बऱ्याच लोकांच्या बाबतीत हा एकत्र जोर त्या बेरजेपेक्षा कमी भरतो. एक अधिक एक म्हणजे दोन होत नाहीत, कधी पावणेदोनच होतात.

शास्त्रज्ञ याला ‘बायलॅटरल डेफिसिट’ म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकदम जोर लावताना पडणारी तूट. या लेखात आपण तिला नुसतं ‘तूट’ म्हणू. ती काय आहे, का पडते, घरी कशी मोजायची आणि भरतीच्या तयारीत किंवा पाय मोडून बरा झाल्यावर तिचा काय उपयोग, ते क्रमाने बघू.

थोडक्यात

– दोन्ही हात किंवा दोन्ही पाय एकदम लावले की एकूण जोर बहुतेक वेळा दोघांच्या वेगवेगळ्या जोराच्या बेरजेपेक्षा कमी भरतो.
– हा आजार नाही आणि अशक्तपणाही नाही. धडधाकट माणसातही हे दिसतं.
– झटक्याच्या हालचालीत, म्हणजे उडी किंवा जोराने ढकलणं यात, तूट जास्त दिसते. संथ, एका जागी लावलेल्या जोरात ती कमी असते आणि काहींच्यात दिसतही नाही.
– सराव जसा, तशी तूट. दोन्ही पायांचा सराव केला तर ती कमी होते, एकेका पायाचा केला तर वाढते.
– दुखापतीनंतर दोन्ही पायांवरची बैठक फसवी असते. चांगला पाय कमजोर पायाला झाकून नेतो.

हिशोब कसा करायचा?

सूत्र सोपं आहे. दोन्हींचा एकत्र जोर भागिले उजव्या-डाव्याची बेरीज, त्याला १०० ने गुणायचं आणि त्यातून १०० वजा करायचे. उत्तर उणे आलं तर तूट, अधिक आलं तर वाढ.

समजा, पकड मोजायच्या यंत्रावर एखाद्याच्या उजव्या हाताची पकड ४२ किलो आणि डाव्याची ३८ किलो भरली. बेरीज ८०. मग दोन्ही हातांत एकेक यंत्र देऊन एकदम दाबायला सांगितलं, तेव्हा उजवा ४० आणि डावा ३६ भरला. बेरीज ७६. म्हणजे ८० चे ७६ झाले, तूट ५ टक्के. हात तेच, माणूस तोच आणि मनापासूनचा जोरही तोच, तरी चार किलो कमी.

ही तूट सगळ्यांची सारखी नसते. कुणाची दोन-तीन टक्के, तर कुणाची दहा-पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त. कोणता अवयव, कोणती हालचाल, किती वेग आणि आधीचा सराव काय, यावर ती ठरते.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

१९६१ साली अमेरिकेत फ्रँकलिन हेन्री आणि लिऑन स्मिथ या दोघांनी हाताच्या पकडीवर प्रयोग केला. आधी एका हाताने आणि मग दोन्ही हातांनी एकदम दाबायला सांगितलं. दोन्ही हात एकदम लावले तेव्हा पकड थोडी पण स्पष्टपणे घटली. हेन्री हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. पुढे याच प्रश्नावर पायांचे, उड्यांचे, वल्हवणाऱ्यांचे असे बरेच अभ्यास झाले आणि पायांनी जोरात ढकलण्याच्या हालचालीत तूट पकडीपेक्षा मोठी दिसू लागली.

याच विषयाचं एक भावंड तर त्याहून जुनं आहे. १८९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एकाच हाताला पकडीचा सराव दिला तरी सराव न केलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही वाढते. हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला याचा फायदा कसा होतो, ते पुढे सांगितलं आहे.

तूट का पडते?

एकच एक कारण नाही. आज तीन कारणं मुख्य मानली जातात आणि हालचालीप्रमाणे त्यांचा वाटा बदलतो.

पहिलं कारण मेंदूचं. उजव्या हाताला हुकूम प्रामुख्याने मेंदूच्या डाव्या अर्ध्यातून जातो आणि डाव्या हाताला उजव्या अर्ध्यातून. हे दोन अर्धे मज्जातंतूंच्या एका जाड पुलाने जोडलेले आहेत. एक अर्धा काम करत असताना तो त्या पुलावरून दुसऱ्याला थोडं दाबून ठेवतो. एका हाताने नेमकं काम करताना हे सोयीचं असतं, नाहीतर उजव्या हाताने सुई ओवताना डावाही हलला असता. पण दोन्ही अर्धे एकदम पूर्ण जोराने चालू झाले की दोघंही एकमेकांना थोडं थोडं दाबतात, आणि स्नायूंपर्यंत जाणारा हुकूम जरासा कमी पडतो. काही प्रयोगांत स्नायूंतले विजेचे संकेतही दोन्ही बाजू एकदम लावल्यावर कमी दिसले आहेत. सगळ्या प्रयोगांत मात्र तसं दिसलं नाही, म्हणून सगळा दोष मेंदूवर टाकून चालत नाही.

दुसरं कारण वेगाचं. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो. हे नातं ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी १९३८ साली मांडलं. रिकामी सायकल जोरात पळवताना पायडलवर पाय लागल्यासारखा वाटत नाही, पण मागे पोतं बांधून चढ चढताना पायडल जड लागतं आणि सगळा जोर त्यावर जातो. उडीतही हेच होतं. एका पायावर उडी मारताना सगळं अंग एका पायावर असतं, हालचाल मंद होते आणि स्नायूला जोर लावायला वेळ मिळतो. दोन पायांवर उडी मारताना प्रत्येक पायावर निम्मंच वजन येतं, अंग पटकन वर जातं आणि स्नायू वेगाने आखडतो, म्हणून प्रत्येक पायाचा जोर कमी भरतो. नेदरलँड्समधल्या बॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की उडीतल्या तुटीचा मोठा भाग या वेगानेच समजावता येतो. म्हणजे उडीत दिसणारी सगळी तूट मेंदूची नाही.

तिसरं कारण टेकूचं. एका पायाने यंत्र ढकलताना दुसरा पाय जमिनीवर रोवता येतो, अंग थोडं वळवता येतं, कंबर तिरकी करून जोर काढता येतो. दोन्ही पाय कामाला लागले की हा टेकू जातो. म्हणूनच बसून पायाने ढकलायच्या यंत्रावर तूट मोठी दिसते, आणि हाताच्या पकडीत, जिथे अंग सावरायची फारशी गरज नसते, तिथे ती लहान असते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला बैलजोडी आठवेल. एका जुवाला दोन बैल जुंपले की ओढ एका बैलाच्या दुप्पट होत नाही. पण तिथे दोन वेगळी जनावरं आहेत आणि पावलं जुळत नाहीत हा मोठा प्रश्न आहे. इथे अंग एकच आहे. निकाल सारखा दिसला तरी कारण वेगळं आहे.

सगळ्यांना तूट असतेच का?

नाही, आणि सरावासाठी हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. १९९१ साली अमेरिकेत हॉवर्ड आणि एनोका यांनी गुडघा सरळ करणाऱ्या मांडीच्या स्नायूंवर तीन गटांची तुलना केली: सराव नसलेले लोक, सायकलपटू आणि वजन उचलणारे खेळाडू. सायकलपटूंमध्ये तूट दिसली. वजन उचलणाऱ्यांत उलटं झालं, त्यांचा दोन्ही पायांचा जोर बेरजेपेक्षा जास्त भरला.

विचार केला तर हे पटतं. सायकल चालवताना एक पाय खाली दाबतो तेव्हा दुसरा वर येतो, दोन्ही पाय एकदम कधीच जोर लावत नाहीत. वजन उचलणारा मात्र वर्षानुवर्षं दोन्ही पाय एकदम रोवून उठतो. शरीराला जे शिकवलं, ते शरीर शिकलं. जपानच्या तानिगुची यांनी १९९७ साली हेच सरावातून तपासलं. एकेका बाजूचा सराव केलेल्यांची तूट वाढत गेली आणि दोन्ही बाजूंचा एकदम सराव केलेल्यांची कमी होत गेली.

आपल्या रोजच्या कामांतही हा फरक आहे. म्हशीची धार काढताना दोन्ही हात लागतात, पण ते आळीपाळीने दाबतात. ऊस तोडताना एका हातात कोयता आणि दुसऱ्यात ऊस, दोन्ही हातांची कामं वेगळी. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घ्यायचं असेल तर मात्र दोन्ही पाय एकदम लागतात. त्यामुळे हमाली करणाऱ्याचा आणि पळणाऱ्याचा पाय सारखाच दणकट दिसला तरी ताकदीची घडण वेगळी असते.

एक नेहमीची हिशोबाची चूक

"दोन पायांवर शंभर किलो घेऊन बैठक मारतो, एका पायावर तीसच जमतं. म्हणजे माझा एक पाय तीस किलोचाच!" असं पोरं म्हणतात. यात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे स्वतःचं वजन.

पोराचं वजन ६० किलो धरा. दोन पायांवर १०० किलो घेऊन उठला म्हणजे पायांनी ढोबळमानाने १६० किलो उचलले, प्रत्येक पायाच्या वाट्याला ८०. एका पायावर ३० किलो घेऊन उठला तर त्या एका पायाने ९० उचलले. म्हणजे एकट्या पायाने जोडीतल्या वाट्यापेक्षा जास्तच काम केलं. (पोटरी आणि पाऊल उचलावं लागत नाही, त्यामुळे हा हिशोब काटेकोर नाही, पण कल्पना येते.) स्वतःचं वजन धरल्याशिवाय एका पायाची आणि दोन पायांची तुलना करू नका.

भरतीसाठी याचा अर्थ काय?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी परीक्षा अलीकडच्या भरत्यांत ५० गुणांची राहिली आहे. पुरुषांना १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. महिलांना ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. गोळा पुरुषांना ७.२६० किलोचा, महिलांना ४ किलोचा. (प्रत्येक भरतीची जाहिरात स्वतः वाचूनच खात्री करा.)

यात दोन्ही पाय एकदम जोर लावतात असा प्रकार कोणता? एकही नाही. धावताना एका वेळी एकच पाय जमिनीवर असतो आणि वेगात पळताना त्या एका पायावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. पाऊल सव्वा ते दीड मीटरचं धरलं तर १६०० मीटरला अकराशे ते तेराशे पावलं पडतात. प्रत्येक पाऊल म्हणजे एका पायाची एक परीक्षा. गोळाफेकही एका हाताची. तिथे जोर मागच्या पायातून सुरू होऊन कंबर, छाती आणि खांद्यातून शेवटी एका हातात येतो.

सैन्यभरतीत चित्र मिश्र आहे. बीमला लटकून ओढणं हा दोन्ही हातांचा एकदम जोर, तिथे १० बीमला ४० गुण अशी पद्धत राहिली आहे. नऊ फुटी खड्डा ओलांडताना मात्र उड्डाण एका पायावरूनच होतं.

गोळाफेकीचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा हा गट आहे. गोळा नुसत्या दंडाच्या जोराने इतका लांब जात नाही, पाय आणि कंबर यांतूनच तो सुटतो. म्हणून गोळ्याच्या तयारीत फक्त दोन्ही हातांचे जोर मारत बसलात तर अर्धं काम राहून जातं.

मग बैठका सोडायच्या का? अजिबात नाही. २०१६ साली इंग्लंडमध्ये रग्बी खेळणाऱ्या तरुणांवर एक अभ्यास झाला. एका गटाने पाच आठवडे दोन पायांवर वजनाची बैठक केली, दुसऱ्या गटाने मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक केली. ताकद आणि ४० मीटर धावणं दोन्ही गटांत सारखंच सुधारलं. म्हणजे दोन्ही रस्ते पोचवतात. पण पाठीवर मोठं वजन घ्यायला रॅक नाही, शिकवायला माणूस नाही, अशा गावातल्या पोराला एका पायाचा सराव परवडतो. त्यात कमी वजनात पायाला पुरेसं काम मिळतं आणि कमरेवरचा भार कमी राहतो.

आठवड्याचा साधा सराव

आठवड्यातून दोन दिवस, धावण्याचा जड सराव नसेल तेव्हा:

१. दोन पायांच्या बैठका, सावकाश, १० ते १५ च्या तीन फेऱ्या.
२. पायरी चढणं: गुडघ्याच्या थोडी खाली येईल इतक्या उंच ओट्यावर एका पायाने चढायचं, खालच्या पायाने ढकलायचं नाही. प्रत्येक पायाला ८ ते १०, तीन फेऱ्या.
३. मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायाची बैठक. प्रत्येक पायाला ६ ते ८, दोन किंवा तीन फेऱ्या.
४. भिंतीला हात टेकून एका पायावर टाच उचलणं. प्रत्येक पायाला १५ पर्यंत.
५. एका हातात भरलेली कळशी किंवा बादली घेऊन ताठ चालणं, ३० पावलं, मग हात बदलायचा.
६. जोर आणि बीम, जमतील तेवढे.

एक नियम पाळा. कमजोर बाजूने आधी सुरुवात करा आणि तिने जितके केले तितकेच दुसऱ्या बाजूने करा. नाहीतर चांगला पाय आणखी चांगला होतो आणि फरक वाढतच जातो.

दुखापतीनंतर दोन पायांची बैठक का फसवते?

खरा धोका इथे आहे. मैदानावर नेहमी दिसणारा प्रसंग घ्या. कबड्डी खेळताना गुडघा दुखावला, दोन-तीन महिने विश्रांती झाली, सूज गेली, दुखणं गेलं. पोरगं बैठका मारून बघतं. पन्नास मारतं. म्हणतं, "पाय बरा झाला." आठ दिवसांत मैदानात उतरतं, वळताना सगळं वजन त्या एका पायावर येतं आणि गुडघा पुन्हा निसटतो.

बैठकीत काय झालं? चांगल्या पायाने गुपचूप जास्त भार घेतला. दोन पायांच्या एकूण जोरात कमजोर पायाचा वाटा किती, हे बाहेरून कळत नाही. स्वतःलाही कळत नाही, कारण शरीर आपोआप अंग चांगल्या बाजूला झुकवतं. म्हणून दुखापतीनंतर प्रत्येक पाय वेगळा तपासावा लागतो.

फिजिओथेरपिस्ट यासाठी एका पायाच्या लंगडीच्या उडीचं अंतर मोजतात. दुखावलेल्या पायाचं अंतर चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरावं, असा मापदंड गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सर्रास वापरला जातो. चांगला पाय १५० सेंटीमीटर जात असेल तर दुसरा किमान १३५ जायला हवा. नुसत्या या एका आकड्यावर मैदानात उतरायचं नसतं. सूज, दुखणं, गुडघ्याचा आत्मविश्वास आणि डॉक्टरांचा सल्ला हेही बघावं लागतं. पण ९० च्या खाली असेल तर थांबायला हवं, एवढं नक्की.

हात किंवा पाय प्लास्टरमध्ये असेल तर

आता येलच्या १८९४ च्या प्रयोगाकडे परत येऊ. एका बाजूच्या सरावाचा फायदा दुसऱ्या बाजूला मिळतो, हे त्यानंतर अनेकदा तपासून झालं आहे. सराव न केलेल्या बाजूची वाढ सरासरी ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास दिसते. स्नायू तिथे फारसा जाड होत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू शिकतात आणि त्या शिकण्यात दुसऱ्या बाजूलाही वाटा मिळतो.

कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगट मोडलेल्या ५० वर्षांवरच्या महिलांना चांगल्या हाताने पकडीचा सराव दिला. १२ आठवड्यांनी मोडलेल्या हाताची पकड, सराव न केलेल्या महिलांपेक्षा चांगली होती. त्यासाठी फार काही सामान लागत नाही.

म्हणून घरातल्या आजी पडल्या, मनगटाला प्लास्टर आलं तर "आता दोन्ही हात गळ्यात घालून बसा" असं म्हणू नका. डॉक्टरांना विचारून चांगल्या हाताने स्पंजचा चेंडू दाबायला द्या, पाण्याची लहान बाटली उचलायला द्या. प्लास्टरमधल्या हाताची बोटं हलवायची की नाही, ते मात्र डॉक्टरच ठरवतील.

घरी मोजून बघा

यंत्र नसलं तरी भिंत, खडू आणि टेप पुरेसे आहेत.

आधी दहा मिनिटं हलकं पळून अंग गरम करा. भिंतीजवळ उभं राहून हात वर करून बोटाची खूण करा. मग दोन पायांवर उडी मारून वर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर ही तुमची उडी. तीन वेळा करा, सगळ्यात चांगली धरा. मग उजव्या पायावर तीन, डाव्या पायावर तीन. प्रत्येक उडीनंतर अर्धा-एक मिनिट थांबा.

समजा दोन पायांवर ४० सेंटीमीटर, उजव्यावर २३ आणि डाव्यावर २१ भरले. बेरीज ४४. चाळीस भागिले चव्वेचाळीस, म्हणजे जवळपास ९१ टक्के. तूट ९ टक्के. हा आकडा वहीत तारखेसह लिहा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, स्वतःच्या मागच्या आकड्याशी करा. आणि तुटीपेक्षा उजव्या-डाव्यातला फरक जास्त लक्ष देऊन बघा.

गुडघा, घोटा किंवा कंबर दुखत असेल, नुकती दुखापत झाली असेल, गरोदरपण असेल किंवा तोल जात असेल तर ही उडी मारू नका. वयस्कर माणसांनी तर मुळीच नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तूट आहे म्हणजे मी कमजोर आहे का?
नाही. ताकदवान माणसातही तूट असू शकते. एका पायाची ताकद वाढली की कागदावर तूट वाढलेली दिसते, आणि ती चांगलीही गोष्ट असू शकते.

तूट शून्य करायला हवी का?
खेळावर अवलंबून आहे. वजन उचलणाऱ्याला दोन्ही पायांचा एकत्र जोर लागतो, त्याने तो वाढवावा. पळणाऱ्याने प्रत्येक पाय दणकट करावा आणि दोघांतला फरक कमी ठेवावा.

उजव्या-डाव्यात थोडा फरक असणारच ना?
हो, थोडा फरक सगळ्यांचाच असतो. पण फरक दहा टक्क्यांच्या वर असेल, वाढत चालला असेल किंवा त्याच बाजूला दुखत असेल तर दाखवून घ्या.

एकाएकी एका हाताचा किंवा पायाचा जोर गेला तर?
तो सरावाचा विषय नाही. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. तेल लावत, चोळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या, कारण उपचार पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

शेवटी एवढंच

उद्या पहाटे मैदानात गेलात की बैठकांची संख्या मोजाच, पण एक दिवस प्रत्येक पाय वेगळा मोजून बघा. दोघांतला कोण मागे आहे ते एकदा कळलं की सराव कुठून सुरू करायचा तेही कळतं. भरतीच्या दिवशी ट्रॅकवर दोन पाय एकदम कधीच पडत नाहीत. तिथे प्रत्येक पावलाला एकच पाय असतो, आणि तो उरलेल्या सगळ्या अंगाला तोलून धरतो.